फी माफ करा, पण वहीत लिहून करा



गेल्या पंधरवड्यात इथे जुन्या मास्तरांच्या आठवणी निघाल्या. वाचून बरं वाटलं. त्यातच एकांनी लिहिलं, "कॉलेजात नोकरी करणाऱ्यांचं बरं असतं, पोरांची फी माफ." लगेच दुसऱ्यांचं उत्तर आलं, "जन्मभर खडू झिजवला, तेवढं तर मिळायलाच पाहिजे." दोघांचंही म्हणणं मला अर्धंच वाटतं. मी बी.कॉम. झालेला, जन्म बँकेत घातलेला माणूस. जमा-खर्च मांडल्याशिवाय बोलायची सवय नाही. म्हणून आज मांडतो. लेख लांब झालाय, सवडीनं वाचा.

कॉलेज-विद्यापीठातल्या नोकरदारांच्या मुलांना सवलत असावी का, या एका प्रश्नात आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो: फी, जागा आणि मर्जी. माझं मत आधीच सांगून टाकतो. फी माफ करा, खुशाल करा. जागा मात्र देऊ नका. आणि मर्जीवर तर काहीच ठेवू नका.

आधी फी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या कचेरीत विचारा, ई.बी.सी. सवलतीच्या फायलीशेजारी पी.टी.सी. आणि एस.टी.सी. अशा फायली असत. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांच्या मुलांसाठीची ही फी सवलत. सरकारी नियमानं, ठराविक फॉर्म भरून मिळायची. मी उदगीरला शिकत होतो तेव्हा माझ्या वर्गात दोघं मास्तरांची पोरं होती. त्यांना या सवलतीची लाज वाटली नाही आणि आम्हाला त्यांचा हेवा वाटला नाही. कारण नियम भिंतीवर लावलेला होता, कोणीही वाचावा.

केंद्र सरकारचंही बघा. सातव्या वेतन आयोगानंतर मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २२५० रुपये भत्ता ठरला, दोन मुलांपर्यंत. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा, १ जानेवारी २०२४ पासून, तो २८१२ रुपये ५० पैसे झाला. यातली मला आवडणारी गोष्ट अशी की शिपायाला जेवढा, तेवढाच सचिवाला. खटकणारी गोष्ट अशी की तो बारावीला संपतो. खरा खर्च सुरू होतो तिथेच भत्ता हात झटकतो!

म्हणून कॉलेज-विद्यापीठानं स्वतःच्या नोकरदाराच्या मुलाची फी सोडली तर मी त्याला दानधर्म म्हणणार नाही. तो पगाराचाच भाग आहे. त्यात संस्थेचं फारसं बुडतही नाही. साठ पोरांच्या वर्गात नोकरदाराची मुलगी बसली म्हणून प्राध्यापकाचा पगार वाढत नाही की विजेचं बिल वाढत नाही. संस्थेला पडतो तो फक्त न आलेल्या फीचा खड्डा. तो खड्डा किती रुपयांचा, हे ताळेबंदात दिसलं पाहिजे, एवढंच. आयकरवाल्यांनाही हे कळलेलं आहे. १९६२ च्या आयकर नियमांत नियम ३(५) होता. मालकाच्याच संस्थेत नोकरदाराचं मूल शिकत असेल, तर मुलामागे दरमहा १००० रुपयांपर्यंतच्या सवलतीवर कर नव्हता, त्यापुढे कराचा विचार. म्हणजे कायद्याच्या नजरेत ही कमाईच. आणि कमाई म्हटली की ती वहीत लिहावी लागते.

आता जागा. दिल्ली विद्यापीठात नोकरदारांच्या मुलांसाठी 'वॉर्ड कोटा' आहे. बनारस हिंदू विद्यापीठातही कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत. समर्थक म्हणतात, "या जादा जागा आहेत हो, कोणाचं काढून घेत नाही." हे मला पटत नाही. खुर्ची जादा आली तरी प्रयोगशाळा तीच, ग्रंथपाल तोच, वसतिगृहाच्या खोल्या तेवढ्याच. आणि फीची सवलत बापाच्या खिशाला मिळते, जागेची सवलत मुलाच्या गुणांना मिळते. बापाची नोकरी हा मुलाचा गुण कसा झाला? बँकेत मॅनेजरच्या मुलाला कमी तारणावर कर्ज दिलं असतं तर तपासनीसानं लाल शाईनं शेरा मारला असता.

यावर कोणी म्हणेल, "काका, आपल्या भागाला ३७१(जे) नं जागा मिळतात, त्या चालतात का?" चालतात. ९८ व्या घटनादुरुस्तीनं बीदर, कलबुर्गीसह आपल्या या मागास पट्ट्याला तो हक्क मिळाला. इथल्या संस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना. तो एका भागाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या तुटीचा हिशेब आहे. निजामाच्या राज्यात ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्या नातवंडांसाठी आहे. गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली झालं, त्याआधी आपलं विद्यापीठ धारवाडला. प्राध्यापकाच्या घरात मात्र पुस्तकाचं कपाट आधीपासूनच असतं. दोन्ही एका तागडीत घालू नका.

आता तिसरी गोष्ट, मर्जी. माझा खरा राग इथे आहे.

मी शाखेत कर्जाचं टेबल बघत होतो तेव्हाची गोष्ट. एका खाजगी कॉलेजातला अटेंडर आला. कॉलेज सीमेच्या अलीकडचं की पलीकडचं ते सांगत नाही. मुलगी तिथेच शिकत होती, स्वतःच्या गुणांवर जागा मिळवलेली. पहिली दोन वर्षं अध्यक्षांच्या शब्दावर निम्मी फी माफ. कागद एकही नाही. तिसऱ्या वर्षी अध्यक्ष बदलले. नवे म्हणाले, असा काही ठराव नाही. नुसती पुढची नव्हे, मागची दोन वर्षांची माफ केलेली फीसुद्धा मागितली आणि परीक्षेचं हॉलतिकीट अडवलं. "सायेब, बावीस वर्षं झाली तिथं घंटा वाजवतोय. कागद मागावं असं कधी वाटलंच नाही," असं म्हणून तो गप्प बसला. त्याच वर्षी तिथल्या एका वजनदार प्राध्यापकाच्या मुलाची सगळी फी माफ होती. त्याचाही ठराव नव्हता. पण त्याला कोण विचारणार?

२००१ च्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, म्हणून त्याचं काम झालं. पोरगी पास झाली, आज हैदराबादेत नोकरीला आहे. कर्जही फिटलं. पण जी सवलत त्याच्या पगाराचा भाग होती, ती त्यानं व्याजासकट बँकेला परत केली. हा हिशेब मला आजही चुकीचा वाटतो.

आणि आता तर कॉलेजं चालतातच कोणाच्या जिवावर? महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आपल्याकडे अतिथी उपन्यासक. २०२३ च्या अखेरीस हेच अतिथी उपन्यासक नोकरी कायम करा म्हणून कर्नाटकभर रस्त्यावर बसले होते. त्यांच्या मुलांची फी कोण माफ करतो? सवलत कायम नोकरांनाच, असा नियम केला की ज्याला गरज सगळ्यात जास्त तोच बाहेर राहतो.

इथे अमेरिकेतल्या मंडळींचं उदाहरण देतो, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे विद्यापीठांत कामाला आहेत. तिथे नोकरदाराच्या मुलाची पदवीची फी विद्यापीठानं सोडली तर त्यावर करमाफी आहे. १९८४ मध्ये त्यांच्या कर कायद्यात कलम ११७(डी) आलं. पण त्याला एक अट आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. सवलत सगळ्या थरांतल्या नोकरांना सारख्या अटींवर खुली असली पाहिजे. फक्त गलेलठ्ठ पगारवाल्यांची सोय केली, तर त्या गलेलठ्ठांची करमाफी गेली. म्हणजे झाडूवाल्याला वगळलं तर दंड डीनला! असा नियम आपल्याकडे कोणी का सुचवत नाही?

आता मला ऐकवलं जाईल, "तुम्ही बँकवाले काय बोलता? तुम्हाला घराला स्वस्तात कर्ज मिळालं." मिळालं. पण ते अध्यक्षांच्या कानात सांगून मिळालं नाही. लेखी नियम होता, सगळ्यांना माहीत होता, आणि व्याजात वाचलेल्या रकमेवर कर लागतो. बँक अधिकाऱ्यांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मे २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं, ही सवलत म्हणजे लाभच, कर बरोबर आहे. माझे मित्र चिडले, मी नाही चिडलो. लाभ घ्यायचा तर उघड घ्यावा.

दुसरी बाजू त्यागाची. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची नावं घेतली जातात. गोखल्यांनी वीस वर्षं महिना ७५ रुपयांवर काम केलं, हे खरंच आहे. पण त्या काळातलं दुसरं पानही वाचा. आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, सगळ्यांना सारखं असावं की नाही, यावर वाद होऊन १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. एवढी मोठी माणसं, तरी पैशाचा नियम काय, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. त्याग मनात असतो, नियम कागदावर लागतो.

आपण सीमेवरची माणसं, आपल्याला कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मराठी मुलांना तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'टाइप ई' म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवासाचा दाखला, मातृभाषेचा दाखला, सगळं गोळा करताना तहसीलचे किती हेलपाटे घातलेत ते आठवा. त्रास झाला, पण हातात आला तो हक्क होता. कोणाच्या दारात उभं राहून मागितलेला उपकार नव्हता.

तेव्हा आपल्यातले जे संस्थांच्या मंडळांवर आहेत, आणि असे बरेच आहेत, त्यांना हात जोडून चार गोष्टी सांगतो. सवलतीचा ठराव करा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. अटेंडरपासून प्राचार्यांपर्यंत सारखी रक्कम ठेवा, दोन मुलांपर्यंत. सलग काही वर्षं काम केलेल्या कंत्राटी माणसालाही त्यात घ्या, आणि एकदा दिलेली सवलत त्या मुलाचा कोर्स पुरा होईपर्यंत मोडू नका. सोडलेल्या फीचा आकडा दरवर्षी हिशेबात वेगळा दाखवा. प्रवेश मात्र गुणांवर आणि सरकारी नियमांवरच.

यात संस्थेचं दिवाळं निघत नाही. निघतो तो फक्त एखाद्याच्या शब्दाचा तोरा. आणि देणगीदारांनो, तुम्हीही येत्या वार्षिक सभेत जेवणाआधी उभं राहून एवढंच विचारा: "यंदा कोणाकोणाची फी माफ केली, आणि कुठल्या ठरावानं?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

— एक निवृत्त बँक अधिकारी, मैलूर, बीदर