शुक्रवारी राहून गेलेली सुरी

मुलाची सुंता आठव्या दिवशी करावी, ही ज्यूंना आज्ञा आहे. आठवा दिवस शनिवारी आला तरी ती टळत नाही. शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीची, बंधनं तेवढ्यापुरती मागे सरतात. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवार आणि सुंता या दोन्ही खुणा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. आज त्यांची बरीच घरं ठाण्यात आहेत; मुलुंड ओलांडलं की १८७९ साली उभं राहिलेलं त्यांचं सिनेगॉग.

पण शुक्रवारी सुंतेची सुरी आणायचीच राहिली तर? मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात या प्रश्नावर दोन गुरूंचा वाद आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, शब्बाथलाही सुरी उघडपणे आणावी. सुरी नसेल तर लाकूड तोडून कोळसा करावा आणि लोखंड घडवावं, इथपर्यंत त्यांची तयारी. त्यांच्या मताने चालणाऱ्या एका गावात लोक तसं करतही, आणि सुंतेवर बंदी आली तेव्हा त्या गावाला तिची झळ लागली नाही, असं मिश्नावरची चर्चा नोंदवणारा तालमूद आदराने सांगतो. रब्बी अकिवांना हे मान्य नाही. जे काम आदल्या दिवशी उरकता आलं असतं, त्यासाठी शब्बाथ मोडायचा नाही. पुढे कायदा अकिवांच्या बाजूने ठरला. सुरी राहिली तर विधी रविवारी. जीव वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शब्बाथ आड येत नाही.

एलिएझरांची तळमळ मला मोठी वाटते, तरी मी अकिवांच्या बाजूचा आहे. सवलत आज्ञेला आहे, आपल्या ढिलाईला नाही. बाप हिरमुसेल, पाहुणे परत जातील, पण पुढच्या वेळी शुक्रवारी दुपारीच सुरी जागेवर असेल.

गणपती जवळ आले की घाटकोपर-बोरिवलीच्या गल्ल्यांत आपण नेमकं हेच विसरतो. चतुर्थीची तिथी हलवता येत नाही, हे खरं. पण आदल्या रात्री दोनपर्यंत चालणारी मंडपाची ठोकाठोक आणि ध्वनिक्षेपकाची चाचणी हलवता येते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, हा नियम २००० सालापासून आहे. सणासाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याची सोयही त्यातच आहे. ती सूट उत्सवाला आहे, आधी न उरकलेल्या कामांना नाही. गणपतीच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक मंडळाने कामांची यादी काढावी आणि एकेका कामापुढे लिहावं: हे आदल्या आठवड्यात होईल का? होणार असेल, तर शेवटच्या रात्री त्याला परवानगी मागू नये आणि पोलिसांनीही ती देऊ नये.