तकाता एअरबॅगचा धडा आणि भारतातील सात वर्षांची अट

मोटारीतील एअरबॅग हे माणसाचे प्राण वाचवण्यासाठी बसवलेले साधन आहे. त्याच साधनातून पोलादाचे तुकडे उडून चालकाचा गळा चिरला जावा, आणि साधन सदोष असल्याची जाणीव ते बनवणाऱ्या कंपनीला अनेक वर्षे असावी, हे कोणा कादंबरीकाराच्या कल्पनेतील संकट नव्हे. जपानच्या तकाता कंपनीबाबत हेच घडले. या कंपनीचे सुमारे दहा कोटी सदोष इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे धातूचे डबे, जगभरातून परत मागवावे लागले. त्यांपैकी सुमारे ६ कोटी ७० लाख एकट्या अमेरिकेत होते. तेथे या दोषामुळे २८ जणांचा मृत्यू झाल्याचे आणि किमान चारशे जण जखमी झाल्याचे सरकारदरबारी नोंदले गेले आहे. मोटार उद्योगाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर माल परत मागवण्याचा दुसरा प्रसंग नाही.

या प्रकरणाकडे एका लबाड कंपनीची कहाणी म्हणून पाहणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे. प्रश्न व्यवस्थेचा आहे, आणि तो भारतातील कायद्यापर्यंत येऊन पोहोचतो.

स्वस्त रसायनाची किंमत

१९३३ साली कापड-विणकामाचा व्यवसाय म्हणून सुरू झालेली ही कंपनी पुढे पॅराशूटचे दोर, मग मोटारीचे सीट बेल्ट आणि अखेर एअरबॅग बनवू लागली. मोटारीची धडक होताच इन्फ्लेटरमधील रसायनाच्या वड्या पेट घेतात, त्यांतून वायू निर्माण होतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पिशवी फुगते. हे रसायन कोणते वापरावे, यावर सारे अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तकाताने पूर्वीचे महागडे रसायन सोडले आणि अमोनियम नायट्रेटचा अवलंब केला. शेतकऱ्याला खत म्हणून आणि खाणकामगाराला सुरुंगाची दारू म्हणून परिचित असलेला हाच तो पदार्थ. तो स्वस्त असतो आणि मुबलक मिळतो.

पण तो ओलावा शोषतो, आणि तापमानाच्या चढउतारांबरोबर त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. दमट व उष्ण हवेत वर्षामागून वर्षे काढल्यावर वड्या भुसभुशीत होतात. मग पेट घेताना त्या ठरलेल्या वेगाने जळत नाहीत. त्यांचा भडका उडतो, तो दाब डब्याला पेलत नाही आणि डबा फुटून त्याचे तुकडे पिशवी फाडत माणसाच्या अंगात घुसतात. २०१४ साली फ्लोरिडामधील ऑरलँडो येथे अपघातात मरण पावलेल्या एका महिलेच्या मानेवरील जखमा पाहून पोलिसांना प्रथम खुनाचा संशय आला होता.

हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. एका मोठ्या अमेरिकन मोटार कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रतिस्पर्धी पुरवठादार ऑटोलिव्हला तकाताएवढ्या स्वस्त दरात इन्फ्लेटर देता येईल का, असे विचारले. ऑटोलिव्हच्या तज्ज्ञांनी तकाताचा नमुना तपासून हे रसायन धोक्याचे असल्याचा इशारा दिला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ साली ही हकीकत उजेडात आणली. इशारा मिळाला, तरी त्या मोटार कंपनीने स्वस्त मालाची खरेदी थांबवली नाही. बाजारपेठेतील स्पर्धा मालाचा दर्जा आपोआप उंचावते, हा भांडवली अर्थशास्त्राचा आवडता सिद्धांत येथे पार उलटा ठरला. स्पर्धेने दर्जा खाली ओढला. कारण दर ग्राहकाला दिसतो, वडीच्या आतला ओलावा दिसत नाही.

या रसायनाशी सर्वांत आधी गाठ पडली ती कामगाराची. मेक्सिकोतील मोंक्लोव्हा येथील तकाताच्या कारखान्यात २००६ साली साखळी स्फोट झाले. २०१६ साली टेक्सासमध्ये तकाताचा माल वाहून नेणाऱ्या ट्रकचा स्फोट होऊन रस्त्याकडेच्या घरातील एका महिलेचा बळी गेला. तिचा ना त्या मोटारीशी संबंध होता, ना त्या व्यवहाराशी.

‘ऐच्छिक’ या शब्दाआड

डबा फुटल्याची पहिली घटना २००४ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात घडली. मोटारी परत मागवण्याची पहिली घोषणा झाली ती २००८ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि तीही होंडाच्या अवघ्या चार हजारांच्या आसपास मोटारींपुरती. २००९ च्या मे महिन्यात ओक्लाहोमा राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलीचा या दोषाने बळी घेतला. त्यानंतर यादी लांबत गेली, पण थोडी थोडी, आणि प्रत्येक वेळी आधीच्या खुलाशाला खोटे पाडत. २०१४ मध्ये तर केवळ दमट हवेच्या राज्यांतील मोटारीच परत घेण्याचा घाट घालण्यात आला. आपला माल सदोष आहे, ही कबुली तकाताने दिली ती २०१५ च्या मे महिन्यात.

या काळात काय चालले होते, ते पुढे न्यायालयात स्पष्ट झाले. चाचण्यांचे निष्कर्ष बदलून, खोटे अहवाल तयार करून ते मोटार कंपन्यांना पुरवले जात होते. २०१७ च्या जानेवारीत तकाताने फसवणुकीचा गुन्हा कबूल करण्याचे मान्य केले आणि शंभर कोटी डॉलर भरण्याचा समझोता झाला. या रकमेची वाटणी पाहण्यासारखी आहे. दंड अडीच कोटी डॉलर, जखमी व मृतांच्या कुटुंबीयांसाठी साडेबारा कोटी, आणि मोटार कंपन्यांना भरपाई म्हणून ८५ कोटी डॉलर! इन्फ्लेटर बदलण्याचा खर्च त्या कंपन्यांवर पडला हे खरे; परंतु स्वस्त दरासाठी हाच माल निवडणाऱ्यांच्या वाट्याला बळींच्या सुमारे सातपट रक्कम जावी, यातच या न्यायाचा वर्गीय तराजू दिसून येतो. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१८ मध्ये तिचा कारभार चिनी मालकीच्या एका स्पर्धक कंपनीकडे गेला.

मृत्यूची वाटणीही अशीच विषम आहे. फ्रान्समधील या दोषाचे बहुसंख्य बळी पॅरिसच्या आसपास नव्हे, तर ग्वादेलूप, रेयुनियाँसारख्या समुद्रापारच्या उष्ण व दमट प्रदेशांत गेले. जुनी मोटार हात बदलत गरिबाघरी येते. परत मागवल्याचे पत्र मात्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते.

भारतातील कायदा काय म्हणतो

भारतात होंडाने तकाताच्या इन्फ्लेटरपायी २०१६ च्या जुलैमध्ये सुमारे १ लाख ९० हजार, २०१७ च्या जानेवारीत ४१ हजारांवर आणि २०१८ च्या जानेवारीत २२ हजारांवर मोटारी परत मागवल्या. हे सारे ‘ऐच्छिक’ होते. कारण तोवर सक्ती करणारा कायदाच नव्हता, मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली स्वतःच स्वतःसाठी केलेली आचारसंहिता तेवढी होती. चोराने आपल्या हाताने पंचनामा लिहावा, तसाच हा प्रकार.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११० अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने परत घेण्याची सक्ती करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. हे पाऊल पुढचेच होते. परंतु त्याखालील नियमांत दोन अटी अशा घातल्या गेल्या की त्यांतून तकातासारखा दोष सहज निसटून जावा.

पहिली अट तक्रारींच्या संख्येची. मोठा खप असलेल्या मोटारीच्या बाबतीत हा आकडा हजाराच्या वर आहे. ब्रेक वा दिव्यातील दोष मालकाच्या लक्षात येतो, तो तक्रार करू शकतो. इन्फ्लेटरचा दोष मात्र तो फुटल्यावरच कळतो. मग हजार तक्रारींसाठी हजार स्फोटांची वाट पाहायची काय? अन्य मार्गाने माहिती मिळाल्यास कारवाई करण्याची मुभा कलमात आहे. पण मुभा म्हणजे कर्तव्य नव्हे.

दुसरी अट वयाची, आणि ती अधिक घातक आहे. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांनाच ही सक्ती लागू होते. ओक्लाहोमातील त्या मुलीची मोटार २००१ सालची, म्हणजे आठ वर्षांची होती! जो दोष काळ आणि ओलावा यांच्या संगतीने पिकतो, त्याला सात वर्षांनंतर मोकळे सोडणे म्हणजे रोग बळावण्याच्या वेळी दवाखान्याला कुलूप लावणे होय. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. तेवढा काळ ती रस्त्यावर धावू शकते, असे सरकारच म्हणते. मग उरलेल्या आठ वर्षांचा वाली कोण? २०१९ च्या जुलैपासून सरकारनेच चालकासाठी एअरबॅग सक्तीची केली. त्या पहिल्या मोटारींची सात वर्षे २०२६ पासून संपू लागतात. मुंबई, कोकण, गोव्यापासून केरळ, चेन्नई, कलकत्त्यापर्यंतची हवा फ्लोरिडाहून कोरडी नाही, हे वेगळे सांगावयास नको.

हा प्रश्न कोणाचा?

एक आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली; त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. कष्टकऱ्याच्या मोटारसायकलीला कसली आली एअरबॅग? मग मोटारवाल्यांच्या प्रश्नात कामगार चळवळीने का पडावे?

आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. चालकाच्या जागेवर बसून रोज बारा तास काढतो तो टॅक्सीवाला मोटारीचा मालक असतोच असे नाही. जुनी मोटार कर्जाने घेऊन पोट भरणारा आणि पगारावर दुसऱ्याची मोटार हाकणारा, हे दोघेही कष्टकरीच आहेत. शिवाय कलम ११० अ दुचाकी, बस, ट्रक या साऱ्यांना लागू आहे. सात वर्षांची अटही साऱ्यांना लागू आहे. उद्या दोष ब्रेकमध्ये निघाला तर बळी मोटारसायकलस्वाराचा आणि पादचाऱ्याचाच जाईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जीवरक्षक भागांच्या बाबतीत वयाची अट रद्द झाली पाहिजे आणि वाहन रस्त्यावर असेतो उत्पादकाची जबाबदारी राहिली पाहिजे. मृत्यू वा गंभीर दुखापत घडवणारी एक घटनाही चौकशीस पुरेशी मानली पाहिजे. दमट प्रदेशांतील जुन्या मोटारींमधून भाग काढून त्यांची नियमित चाचणी सार्वजनिक यंत्रणेने केली पाहिजे. पुण्याची वाहन संशोधन संस्था १९६६ साली स्थापन झाली ती सरकारच्या सहकार्याने, पण वाहन उद्योगाचीच संस्था म्हणून. चाचणीचा अंतिम शब्द उद्योगापासून स्वतंत्र असावा लागतो. परत मागवल्याची सूचना परिवहन कार्यालयाच्या नोंदीवरून आजच्या मालकापर्यंत पोहोचली पाहिजे. आणि कारखान्यातील दोष उघड करणाऱ्या कामगाराला व अभियंत्याला कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. कारण वडीत काय भरले जाते, हे संचालक मंडळाआधी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला कळते.

वाहतूक कामगारांच्या संघटनांनी आणि मोटार कारखान्यांतील युनियनांनी हा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत घेतला पाहिजे. सात वर्षांची अट एका नियमातील एक ओळ आहे. ती खोडण्यासाठी बळींची संख्या मोजत बसण्याची गरज नाही. ती मोजणी अमेरिकेत आणि ग्वादेलूपमध्ये पुरेशी झाली आहे.