पोहण्याचा पोशाख कोण ठरवणार?

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीने ट्रायथलॉनचा ध्यास घेतला. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही. लोणावळ्यात वाढलेल्या मुलीला चढावर सायकल मारण्याचं आणि धावण्याचं काही वाटत नाही. अडलं ते पाण्यापाशी, आणि त्यातही कपड्यांपाशी.

तिने मैत्रिणीच्या भावाचा वेटसूट मागून आणला. उंची जुळत होती, म्हणून मापाचा असेल असं आम्ही धरून चाललो. वीस मिनिटं झटापट करून तिने तो चढवला, पाठीवरची चेन मी ओढली आणि ती म्हणाली, "खाला, सांसच नै आरी इसमें." खोलीत शेजारच्या चाची बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ढका तो पूरा है, पन कितना चिपका है!" त्याआधी महिनाभर पुण्यातल्या एका तरण तलावावर तिच्या पूर्ण बाह्यांच्या पोशाखाला हरकत घेतली गेली होती. कापड पोहण्याचंच होतं, लायक्राचं. तरी "असले कपडे इथे चालत नाहीत" एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे तलावावर जास्त झाकलं म्हणून अडचण आणि घरी घट्ट आहे म्हणून अडचण. ज्या पाण्यात तिला उतरायचं होतं, त्याचा विचार दोन्हीकडे कुणी केला नव्हता.

म्हणून आधी पाण्याचंच पाहू. वेटसूट निओप्रीन नावाच्या रबराचा असतो. या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात; त्यामुळे ऊब टिकते आणि शरीर वर तरंगतं. पाय आपोआप उचलले जातात, पाण्याचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो. मात्र हे सगळं सूट अंगाला नीट बसला तरच. सैल असेल तर कमरेच्या खोलगट भागात आणि काखेत पाणी साचतं. प्रत्येक हाताबरोबर थंड पाणी आत-बाहेर होतं. ऊबही जाते आणि वेगही. फार घट्ट असेल तर छाती फुगत नाही. उघड्या पाण्यात नवख्या माणसाला आधीच धाप लागलेली असते, त्यात गळा आणि छाती आवळली की घाबरायला वेळ लागत नाही. माझ्या भाचीचं तेच झालं होतं. सूट पुरुषाच्या बांध्याचा, तिचा बांधा वेगळा. उंची जुळली म्हणजे माप जुळलं असं नसतं. छाती, कंबर, नितंब आणि वजन, सगळं पाहावं लागतं.

घ्यायचाच असेल तर कोरडा असताना घालून पाहावा. कोरड्या अंगावर तो थोडा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, कारण पाण्यात तो सैलावतो. पण पोट भरून श्वास घेता आलाच पाहिजे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पोहल्यासारखे फिरवावेत; खांदे ओढले गेले तर बहुतेक वेळा सूट खालून पुरेसा वर चढवलेला नसतो. घोट्यापासून सुरुवात करून जांघेत आणि काखेत पोकळी राहणार नाही असा तो बोटांच्या पेरांनी सरकवत आणायचा. नखं लागली की निओप्रीन चिरतं. मानेची पट्टी चिकटून बसावी, पण गिळताना टोचू नये.

एवढं शिकल्यावर आम्ही नियम वाचले आणि हसू आलं. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांत सूटची जाडी 5 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि हौशी स्पर्धकांना 1500 मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी 22 अंशांच्या वर गेलं की वेटसूटच चालत नाही. लांब अंतराला ही मर्यादा थोडी वर आहे, इतकंच. 2019 मध्ये गोव्यात मिरामारला आयर्नमॅन 70.3 सुरू झाली, 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. तिथला समुद्र ऑक्टोबरात इतका कोमट असतो की वेटसूटचा प्रश्नच येत नाही. ज्यासाठी आम्ही घरात कुस्ती खेळलो, ती वस्तू आमच्या कामाचीच नव्हती. पाण्याला आधी विचारलं असतं तर तेवढी दमछाक वाचली असती.

आता दुसरी बाजू. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. त्यावर टोपी घातली की उघडे राहतात फक्त चेहरा, हात आणि पाऊल. ऑस्ट्रेलियात 2004 मध्ये अहेदा झानेट्टी यांनी बनवलेली बुर्किनीही जवळपास तेवढंच झाकते. एकाला खेळाडूचा पोशाख म्हणतात, दुसरीला मागासपणा. 2016 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या अनेक किनारी गावांनी बुर्किनीवर बंदी घातली. 26 ऑगस्ट 2016 ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव्ह-लुबे या गावाची बंदी स्थगित केली. त्याच न्यायालयाने 2022 मध्ये ग्रनोबल शहराने तरण तलावांत दिलेली मुभा मात्र रोखून धरली. त्याच देशाच्या समुद्रात वेटसूट घातलेल्या बायका लाटांवर खेळत असतात, त्यांना कुणी अडवत नाही. हरकत कापडाच्या लांबीला असती तर दोघींना सारखी झाली असती. हरकत ते कापड कोण घालतं याला आहे. आमच्याकडच्या तलावावर जे ऐकलं त्यातही मला तोच सूर दिसला. तलावाने कापडाचा नियम जरूर करावा: सुती कपडा नको, पोहण्याचंच कापड हवं, अंघोळ करून उतरायचं. त्यात बसणारा पोशाख किती लांब, हे घालणारीने ठरवावं.

पण फक्त दुसऱ्यांना बोलून थांबणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दर पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मी आपल्या बायका पाहते. बुरखा, सलवार, वर दुपट्टा, कडेवर मूल, आणि वाहत्या पाण्यात उभ्या. पोहता येत नाही, कारण कधी शिकवलंच नाही. शिकवलं नाही, कारण पोशाखाचा प्रश्न सुटला नाही. घरातले पुरुष बनियनवर डुंबत असतात.

30 जून 2024 ला, रविवारी दुपारी, भुशीच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातलं एक मुस्लिम कुटुंब अडकलं. पाणी अचानक वाढलं. सगळे एकमेकांना धरून प्रवाहात उभे होते, आणि पाहता पाहता एक स्त्री आणि चार मुलं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. नंतर काहींनी त्या कुटुंबालाच दोष दिला, तो मला अजून बोचतो. मी इथे स्पष्ट लिहिते: त्या दिवशी कुठलाही पोशाख त्यांना वाचवू शकला नसता, कदाचित पोहणंही नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाला पाडतं. उपयोगी पडते ती पाण्याची ओळख: वर डोंगरात पाऊस पडतोय म्हणजे खाली काय येणार, पाणी गढूळ झालं की लगेच बाहेर का पडायचं. ही ओळख पाण्यात उतरून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली होते. आपल्या अर्ध्या समाजाला आपण ती होऊ दिलेली नाही.

हया महत्त्वाची आहे, मीही मानते. पण सैल कपडा पाण्यात हया राखत नाही. ओला झाला की तो अंगाला चिकटतो, पायांत गुंततो, प्रवाहात पडद्यासारखा फुगतो आणि बाहेर निघताना मणभर वजनाचा होतो. मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, ही ताकीद हजरत उमर यांच्या नावाने आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्यातल्या 'मुलांना' या शब्दातून मुली कुणी वगळल्या?

भाचीने शेवटी पूर्ण बाह्यांचा, नायलॉन-लायक्राचा पोशाख घेतला. वरचा कुर्ता विजारीला आतून पट्टीने बांधता येतो, त्यामुळे पाण्यात वर तरंगत नाही. तिने तो आधी कमरेइतक्या पाण्यात तपासला: हात वर, बसून उठणं, पाय मारणं. कुठे फुगा होत नाही, कुठे काचत नाही, डोक्याची टोपी कानावरून सरकत नाही. क्लोरीनने लायक्रा हळूहळू सैल पडते, म्हणून दर दोन महिन्यांनी ती पुन्हा तपासते. वेटसूटच्या मापाबद्दल जे शिकलो, तेच इथे कामी आलं. चाचींनी तो पाहिला, जरा वेळ गप्प राहिल्या आणि विचारलं, "मेरे नाप का मिलेगा क्या?"

तेव्हा माझं मागणं दोघांकडे आहे. तरण तलाव चालवणाऱ्यांनी बायकांची वेगळी वेळ, शिकवायला बाई आणि कापडाचा स्पष्ट लिखित नियम ठेवावा. आणि आपल्या घरांनी या वर्षी भुशीची सहल ठरवण्याआधी मुलीचं नाव पोहण्याच्या वर्गात घालावं, आईचंही. पोशाख तिच्या मापाचा आणि पाण्याच्या सोयीचा असावा. काठावर उभ्या असलेल्यांना, ते कुणीही असोत, त्यात मत देण्याची गरज नाही. त्यांना पाण्यात उतरायचं नसतं.