नावाची राखण

गेल्या रविवारी मिस्सेनंतर एक भगिनी लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. दोहोंवरील चिठ्ठी पिवळ्या रंगाची, दोहोंवर कैरीची डहाळी, आणि नावांत एका अक्षराचा काय तो फरक. एक बरणी त्यांची स्वतःची. दुसरी बाजारातून विकत आणलेली. "फादर, नऊ वर्षे मी हे नाव चालविले. आता भांडू, की गप्प बसू? देव पाहून घेईल."

देव पाहून घेईलच. परंतु कायद्यास मात्र आपणच हाक मारावी लागते.

आम्हांस 'अमृतधारा' आठवली. या औषधाची कुपी एके काळी पुष्कळ घरांच्या फडताळात असे. कानपूरच्या एका व्यापाऱ्याने १९५० साली आपल्या 'लक्ष्मणधारा' या औषधाच्या नावाची नोंदणी व्हावी म्हणून अर्ज केला, तेव्हा अमृतधारेच्या मालकांनी हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६२ साली निकाल लागला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे म्हणणे असे, की अमृत निराळे आणि लक्ष्मण निराळा. घोटाळा व्हावा कसा? सर्वोच्च न्यायालयाने ते मानिले नाही. दुकानात उभा असलेला सामान्य मनुष्य शब्दांची व्युत्पत्ती सोडवीत बसत नाही. अर्धवट आठवणीवर तो वस्तू मागतो. सबब दोन्ही नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली. आणि तरीही अमृतधारेचा पूर्ण विजय झाला नाही! लक्ष्मणधारेच्या जाहिराती वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर होत असता तिचे मालक स्वस्थ राहिले होते. त्या मौनापायी लक्ष्मणधारेस उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

आजचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आहे. अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे करावयाचा. तिचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. एकट्या व्यक्तीस अथवा लहान उद्योगास ऑनलाइन अर्जाचे शुल्क दर वर्गास ४,५०० रुपये पडते. वर्ग म्हणजे मालाचा प्रकार: लोणची २९ व्या वर्गात, मसाले ३० व्या. अर्ज स्वीकारला गेला की तो जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि चार महिनेपर्यंत कोणासही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून दिरंगाई करू नये. नोंदणी होण्याआधीच वर्तुळातील 'आर' छापणे मात्र कायद्याने मना आहे.

नाव निवडतानाही विवेक हवा. 'चविष्ट लोणचे' असे नुसते गुणवर्णन सहसा नोंदले जात नाही. पवित्र नावांचा मोह तर आपल्या लोकांस फार! 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. बरणीवर संतांची नावे घालण्यास उत्सुक असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नोंदणी नसली तरी त्या भगिनी अगदीच निराधार नाहीत. जो आधीपासून नाव वापरीत आला, त्याचा हक्क कायदा मानतो. परंतु तो वापर आणि त्या नावाने बाजारात मिळविलेली पत पुराव्याने सिद्ध करावी लागते. जुनी बिले, पहिल्या चिठ्ठ्या, जाहिरातींची कात्रणे जपून ठेवण्याचे कारण हेच. या भगिनींजवळ पहिल्या वर्षाची एकही पावती उरलेली नाही. चिठ्ठ्या छापणाऱ्या छापखान्याची वही मात्र शाबूत आहे, असे कळते. सोमवारी आम्ही दोघे ती पाहावयास जाणार आहोत.