मोजणीबाहेरची उपकरणे

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. तिच्या परिशिष्टात एक अपेक्षा आहे: अनधिकृत उपकरण बँकेच्या नेटवर्कला जोडले गेले तर ते आपोआप ओळखून अडवण्याची सोय हवी. हे काम करणाऱ्या यंत्रणेला ‘नेटवर्क अॅक्सेस कंट्रोल’ म्हणतात. भिंतीवरच्या पोर्टमध्ये कुणी केबल घातली किंवा वायफायला फोन जोडला की ती आधी ओळख विचारते आणि मग कुठवर जाऊ द्यायचे ते ठरवते. तिच्या मुळाशी असलेले ८०२.१एक्स हे मानक २००१ पासून आहे, तेव्हा तंत्र नवखे नाही. घोळ सुरू होतो तो खरेदीच्या कागदावर. ही यंत्रणा बहुधा उपकरणांच्या संख्येवर विकली जाते. एकाच वेळी जितकी उपकरणे जोडलेली, तितकी लायसन्स. हा आकडा उपकरणांची यादी करून काढायचा असतो. तो अंदाजपत्रकातून उलटा काढला, तर सुरक्षेची हद्द नकळत खरेदी विभाग आखून जातो, हा माझा आक्षेप आहे.

हिशेब कसा फसतो ते पाहू. पाचशे कर्मचारी आहेत म्हणून कचेरी साडेपाचशे लायसन्स घेते. पण एका कर्मचाऱ्यामागे लॅपटॉप, मोबाइल आणि टेबलावरचा आयपी फोन अशी तीन उपकरणे असू शकतात. लॅपटॉप केबल आणि वायफाय दोन्हींवर असेल तर त्याचे हार्डवेअर (मॅक) पत्ते दोन, आणि पत्त्यावर मोजणाऱ्या यंत्रणेत तो दोनदा मोजला जातो. शिवाय प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, बैठकीच्या खोलीतला टीव्ही ही मंडळी कुणाच्याच खात्यावर नसतात. उपकरण निघून गेल्याचा निरोप स्विचने पाठवलाच नाही, तर त्याचे लायसन्स काही काळ उगाच अडकून राहते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन मूळ पत्ता दडवून नेटवर्कगणिक वेगळा पत्ता सांगतात. त्यामुळे जुन्या यादीशी ताळमेळही बसत नाही. आकडा अपुरा पडला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे काही पोर्टना तपासणीतून सूट देणे. सूट कुणाला? प्रिंटरला आणि कॅमेऱ्याला, कारण त्यांतल्या अनेकांना स्वतःची ओळख नीट पटवून देता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही. नेमकी हीच यंत्रे वर्षानुवर्षे अपडेटविना चालू असतात.

यादीबाहेरचे उपकरण काय करू शकते, याचा दाखला ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मिळतो. ‘नासा’च्या महानिरीक्षकांच्या जून २०१९ च्या अहवालानुसार, २०१८ मध्ये उघड झालेल्या घुसखोरीत सुमारे ५०० एमबी माहिती बाहेर गेली आणि हल्लेखोरांचे लक्ष्य ठरला होता परवानगीविना जोडलेला एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. उपकरणांची नोंदवही अपुरी होती. नोंदीची प्रणाली कधीकधी चालत नाही आणि मग नोंद करायचे राहून जाते, असे एका सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटरने तपासणाऱ्यांना सांगितले. तिथे प्रश्न लायसन्सचा नव्हता, हे मान्य. पण अंतराळयाने पाठवणाऱ्या संस्थेची यादी आळसाने अपुरी राहू शकते, तर जिथे प्रत्येक नव्या नोंदीला पैसे पडतात तिथे ती पूर्ण राहील, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

यावर पहिली हरकत पैशाची येईल, आणि ती खरी आहे. छोट्या सहकारी बँकेने प्रत्येक कॅमेऱ्यासाठी लायसन्स का घ्यावे? पण प्रत्येक उपकरणाला महागडे लायसन्स लागत नाही. उदाहरणार्थ, सिस्कोच्या ‘आयएसई’मध्ये २०२० पासून तीन पायऱ्या आहेत. लॅपटॉपची प्रकृती तपासून आत घ्यायचे तर वरची पायरी लागते; प्रिंटरला त्याच्या पत्त्यावरून ओळखून वेगळ्या कप्प्यात बसवायला तळची पुरते. पॅकेटफेन्ससारखी मुक्त प्रणाली तर उपकरणागणिक पैसे घेतच नाही, मात्र ती चालवणारा जाणकार माणूस लागतो आणि त्याचा पगार निविदेत दिसत नाही. दुसरी हरकत अधिक टोकदार आहे: प्रिंटरचा पत्ता सहज चोरता येतो, मग त्याला मोजून काय साधणार? चोरता येतो, यात वाद नाही. पण त्या पत्त्याला फक्त प्रिंट सर्व्हरपर्यंतच वाट असेल तर चोराच्या हाती तेवढीच वाट लागते. सूट दिलेल्या पोर्टवर मात्र बहुधा अख्खे नेटवर्क त्याच्यासमोर असते.

म्हणून निविदा काढण्याआधी महिनाभर यंत्रणा नुसती पाहत ठेवावी: कुणाला अडवायचे नाही, फक्त नोंद घ्यायची. महिनाअखेरची आणि ऑडिटच्या आठवड्यातली गर्दी या नोंदीत यायला हवी, कारण एकाच वेळच्या जोडण्यांचा आकडा बहुधा तेव्हाच शिखर गाठतो. विक्रेत्याशी घासाघीस त्यानंतर. ऑडिटरनेही लायसन्सचे प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये. तपासणीतून वगळलेल्या पोर्टची यादी त्याने मागावी आणि प्रत्येक सूट कुणाच्या सहीने, कोणत्या तारखेपर्यंत दिली आहे, ते विचारावे.