‘डाएट पाळत नाही’

आहारतज्ज्ञांच्या फायलींमध्ये एक शेरा हमखास सापडतो : ‘डाएट पाळत नाही’. तीन-चार फॉलोअप झालेले असतात. पहिल्या दोन भेटींत अडीच-तीन किलो उतरलेले असतात आणि मग काटा अडून बसतो. समोरची बाई काकुळतीने म्हणते, ‘‘मॅडम, खरंच सांगते, मी जास्तीचं काही खात नाही हो.’’ ती गेल्यावर शेरा लिहिला जातो. पुढच्या भेटीला ती येत नाही. हा शेरा या व्यवसायातून कायमचा जावा, असे आमचे ठाम मत आहे, आणि ते मोजमापांवर उभे आहे.

सुरुवात आहारतज्ज्ञांच्या संशयाला दुजोरा देणाऱ्या अभ्यासापासूनच करायला हवी. ‘बाराशे कॅलरींहून कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांची तपासणी न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी केली आणि १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जड समस्थानिके मिसळलेले पाणी पाजून त्यांची ऊर्जा किती खर्च होते हे मोजले गेले. स्वतःच्या नोंदींनुसार ही माणसे दिवसाला सरासरी १,०२८ किलोकॅलरी खात होती. मोजमाप निघाले २,०८१. व्यायामही त्यांनी सरासरी ५१ टक्के वाढवून सांगितला होता. त्यांच्या चयापचयात काहीही बिघाड नव्हता.

व्याख्यानांत हा दाखला बहुतेकदा इथेच संपतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. २००२ मध्ये अमेरिकेत तशीच मोजणी दहा आहारतज्ज्ञ स्त्रियांवर झाली. वाटी, चमचा आणि ग्रॅम यांच्याशीच ज्यांचा रोजचा व्यवहार, त्या बायकांनीही स्वतःचे खाणे दिवसाला सरासरी २२३ किलोकॅलरींनी कमी नोंदवले. हा व्यवसाय नसलेल्या स्त्रियांमध्ये ही तूट ४२९ होती. प्रशिक्षणाने चूक निम्म्यावर आली, गेली नाही. याला खोटे बोलणे म्हणणे अन्यायाचे आहे. खाल्लेले आठवत नाही, दिसत नाही, मोजता येत नाही, ही माणसाच्या स्मरणाचीच मर्यादा आहे.

मराठी घरात तर ती आणखी वाढते. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसणारी बाई पातेल्यातली उरलेली भाजी ‘टाकायची कशाला’ म्हणून संपवते, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी खाते, आणि यातले काहीच तिच्या लेखी जेवण नसते. आमटीवरची फोडणी, कोशिंबिरीतले दाण्याचे कूट, पोह्यांवरचे ओले खोबरे, डबा भरताना तोंडात टाकलेली चिमूटभर शेव : ‘काल काय खाल्लंत?’ या प्रश्नाला यांपैकी एकही उत्तर म्हणून येत नाही. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. ‘महिन्याला तेल किती लागतं?’ असे विचारले की गृहिणी क्षणात सांगते, पाच लिटरचा एक कॅन. घरात माणसे चार. म्हणजे माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल, सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी. हा हिशेब तिच्यासमोर, तिच्याच आकड्यांवरून मांडला तर तिला आरोपी असल्यासारखे वाटत नाही. चहाचेही तसेच. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले आहे. सत्तर किलो वजनाची बाई रोज तीन किलोमीटर चालून जेवढी ऊर्जा खर्चते, तेवढी या साखरेतच परत येते. आणि तरीही ती म्हणते ते खरेच असते : जास्तीचे काहीच खाल्लेले नसते, नेहमीचेच असते.

आता आहारतज्ज्ञांच्या हिशेबाकडे वळू. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० किलोकॅलरी, तेव्हा रोज ५०० कमी केल्या की आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो उतरणार, हे गणित अजूनही पहिल्याच भेटीत सांगितले जाते. वर्षभर ते पाळले तर २३ किलोंहून जास्त वजन उतरायला हवे. तसे होत नाही, कारण शरीर हलके होत जाते तसा त्याचा खर्चही घटतो. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुधारित ठोकताळा दिला : रोजच्या खाण्यात कायमची २४ किलोकॅलरींची घट केली तर अखेरीस एक किलो उतरतो, त्यातला निम्मा वर्षभरात आणि ९५ टक्के तीन वर्षांत. म्हणजे तीच ५०० किलोकॅलरींची घट पहिल्या वर्षी दहा-अकरा किलो देते, तीही एकही दिवस न चुकता पाळली तर. वचन तेवीसचे आणि हाती दहा, मग फाइलवर शेरा कोणाच्या नावे पडायला हवा?

भूकही स्वस्थ बसत नाही. हॉल यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवले, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, पण खाण्याची ओढ सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवून आलेली बाई रोज पाचशे किलोकॅलरींच्या जादा भुकेशी झगडत समोर बसलेली असते. पहिल्या महिन्यात तिला जे सहज जमले ते चौथ्या महिन्यात जमत नाही, याचे कारण तिच्या मनाच्या दुबळेपणात शोधू नये. खरे तर चौथ्या महिन्यात तिला पहिल्यापेक्षा अधिक आधाराची गरज असते, आणि नेमक्या त्याच भेटी सर्वांत घाईच्या होतात.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत एक वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवलेली दोनदाच जेवण्याची पद्धत एकीकडे, ऋजुता दिवेकर यांचे थोडे-थोडे पण वरचेवर खाणे दुसरीकडे. त्याच वर्षी कमी चरबी विरुद्ध कमी कर्बोदके अशा दुसऱ्या एका वादाचा निकाल स्टॅनफर्डच्या अभ्यासातून आला. ६०९ जणांना दोन गटांत वाटले गेले होते. वर्षाअखेर एका गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. दोन्ही गटांच्या आत मात्र कोणाचे तीस किलो घटले, तर कोणाचे दहा वाढले. पद्धती-पद्धतींमध्ये नगण्य फरक आणि माणसा-माणसांत अफाट, हे पाहिल्यावर छापील डाएट चार्ट सगळ्यांच्या हाती देण्याला काय आधार उरतो?

आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्धा तास झपाझप चालणे, साखर, मैदा आणि तेल-तूप आवरते घेणे, एवढाच एका गटाला सल्ला होता. तीन वर्षांत सल्ला न मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, सल्ला मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि या गटाचे वजन म्हणावे असे उतरलेच नव्हते! काटाच पाहिला असता तर या सगळ्यांच्या फायलींवर ‘पाळत नाही’ असे लिहिले गेले असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा प्रसिद्ध केलेला फोटो अनेक आहारतज्ज्ञांना ठाऊक असेल. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. भारतीय शरीराबद्दल किलो फार थोडे सांगतात. कंबरेची टेप काही रुपयांना मिळते. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा भिंतीवर लावलेली असते. तरीही टेप टेबलाच्या खणात आणि काटा दारातच, अशी मांडणी असते.

व्यायामाबाबतही मोजणी सैल करायला हरकत नाही. सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल धरायची नाही, ही अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली. ठाण्याहून दादरला जाणारी कारकून बाई दिवसातून चार वेळा चढते तो स्थानकाचा पूल, चौथ्या मजल्यावरच्या घराचा जिना, बाजारातून दोन पिशव्या घेऊन आलेली पायपीट, हे सगळे तिच्या खात्यात जमा होते. ‘व्यायामाला वेळच नाही’ म्हणणारीला हे मोजून दाखवले की त्यात दहा मिनिटांची भर घालण्याचे बोलणे सुरू होऊ शकते. जिमचे नाव काढले की ते बोलणे तिथेच थांबते.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात विक्रीला आल्यापासून ‘इंजेक्शन घेऊ का?’ हा प्रश्नही दारात आहे. तो निर्णय डॉक्टरांचा. पण वेगोव्हीतले सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे त्याच औषधाच्या चाचणीत दिसले आहे, आणि तेव्हा हे रुग्ण आहारतज्ज्ञांकडेच येणार आहेत. त्यांच्यासाठी ‘पाळत नाही’पेक्षा वेगळी भाषा तयार हवी.

काम दिवाळीपासून सुरू करता येईल. फराळाच्या महिन्यात ठरलेल्या भेटी चुकतात. बरेच जण काट्याच्या भीतीने येत नाहीत, एवढे साधे ते कारण आहे. त्यांना एक फोन करावा, ‘‘या वेळी वजन करणार नाही, फक्त या,’’ असे सांगावे. आल्यावर कंबर मोजावी, तेलाचा कॅन या महिन्यात किती दिवस पुरला ते विचारावे, चहातली साखर दोन चमच्यांवरून दीडवर आली का ते पाहावे, आणि फाइलवर शेऱ्याच्या जागी हे तीन आकडे लिहावेत.