खवल्या धरून दिला तर?



गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका उपासिकेने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, प्राणी आपण मारला नाही, नुसता धरून दिला, तर शील मोडते का?"

"कोणता प्राणी, ताई?"

"खवल्या," ती हळूच म्हणाली. तिच्या मुलाला कोणी दलाल भेटला होता. लाखांची भाषा बोलत होता. मुलगा बेकार, घर गळके. तिच्यावर रागावणे मला जमले नाही.

खवले मांजर आपल्या रत्नागिरीच्या रानातले. त्याला दात नाहीत. लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी खाऊन जगते. दिवसा बिळात असते, रात्री बाहेर पडते. भीती वाटली की अंगाचा गोळा करते. वाघापासून त्यामुळे वाचते, माणसाला मात्र ते गोणीत भरणे सोपे जाते. मादीला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होते. म्हणजे व्याज इतके थोडे, आणि आपण मुद्दलच उचलतो. त्यात खाजगी रान लाकडासाठी तुटते, डोंगराला वणवे लागतात, बिळेही जातात.

हे सारे कशासाठी? खवल्यांचे औषध होते म्हणून! खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असते तेच. चीननेसुद्धा 2020 साली आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून खवले काढले. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धी वापरायला शिकविले. नखे उगाळून कोणाचा रोग बरा होईल?

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था या प्राण्यासाठी काम करते. 2020 साली चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात 'खवलोत्सव' झाला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसविली. पालखीच्या मानपानाचे जुने अनुभव आपल्या वाचकांना सांगायला नकोत, आणि पूजा हा आपला मार्गही नव्हे. पण एका गावाने मुक्या जिवाच्या बाजूने उभे राहायचे ठरविले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो.

ताईंना मी दोन उत्तरे दिली. भगवान बुद्धांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत प्राण्यांचा व्यापार आहे. तेव्हा 'नुसता धरून दिला' ही पळवाट धम्मात नाही. 22 प्रतिज्ञांतली तेरावी घरी गेल्यावर मुलाकडून वाचून घ्या, असेही सांगितले.

दुसरे उत्तर कायद्याचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे. मारणे सोडाच, बाळगणे आणि विकणे हाही गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षे, सात वर्षांपर्यंत, वर दंड किमान 25 हजार. आणि गोणी हातात असते ती आपल्या पोराच्या. दलालाचे खरे नावदेखील त्याला ठाऊक नसते. मग जामिनासाठी आईचे मंगळसूत्र मोडायचे!

खवल्या अंगणात आला तर कुत्री बांधा, त्याला वाट द्या. विहिरीत पडलेला किंवा जखमी दिसला तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत. ताईंनी तो क्रमांक वंदनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आहे.